परदेशातील शिक्षण आणि मैत्री : जामखेडचा धडा

आपल्या धर्मग्रामांतून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या तरुण-तरुणींची तयारी आम्ही जवळून पाहिली आहे. प्रवेशपत्र, शैक्षणिक कर्ज, व्हिसा, राहण्याची खोली, थंडीचे कपडे आणि मसाल्यांचे डबे यांत कुटुंबाचे कित्येक महिने जातात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु तिथे पोहोचल्यावर मनातले बोलायचे कोणाशी, सणाच्या दिवशी जेवायचे कोणाबरोबर आणि रात्री ताप चढला तर दार ठोठवायचे कोणाचे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मैत्री आपोआप होईल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती आपोआप होत नाही. तिचीही तयारी करावी लागते.

या तयारीचा एक उत्तम पाठ आपल्याच अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शिकावयास मिळतो. आपली मुले जगात जातात, तसे जगातील विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात येतात. ते येतात जामखेडला.

जामखेड : जिथे जग शिकायला येते

जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीडच्या सीमेलगत जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका आहे. अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे सेवा केल्यानंतर ते अमेरिकेस गेले आणि तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. म्हणजे तेही एके काळी परदेशी शिकणारे विद्यार्थीच होते. तेथे त्यांना डॉ. कार्ल टेलर हे मार्गदर्शक लाभले. टेलर यांचा जन्म भारतात, एका मिशनरी कुटुंबात झाला होता. गुरुशिष्यांचे हे नाते पदवीबरोबर संपले नाही. ते पुढे अनेक वर्षे टिकले आणि जामखेडच्या कार्याला उपयोगी पडले.

आरोळे दांपत्याने गावांनी निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले. यांतील अनेक निरक्षर होत्या व कित्येक दलित समाजातील होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला एकत्र येत, एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. ज्या काळी गावात विहिरीचे पाणीही जातीनुसार वाटले जाई, त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९७१ च्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत असत. पुढील दोन दशकांत हे प्रमाण झपाट्याने खाली आले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल यांचे १९९९ साली व डॉ. रजनीकांत यांचे २०११ साली निधन झाले.

शिकविणारे कोण?

या प्रकल्पातूनच पुढे जामखेडला एक आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांतून वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी येथे येत आले आहेत. त्यांना शिकविणाऱ्यांमध्ये याच गावांतील आरोग्यसेविका असतात. ज्याने मोठमोठे ग्रंथ वाचले आहेत, तो पाटी-पुस्तकाशिवाय वाढलेल्या आजीसमोर सतरंजीवर बसतो आणि ताप आलेल्या बाळाच्या आईशी कसे बोलावे, हे तिच्याकडून शिकतो.

या स्त्रियांना जगासमोर बोलायचाही संकोच नव्हता. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने १९८८ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत केलेले भाषण आजही सांगितले जाते. सभागृहातील झगमगत्या झुंबरांची तुलना त्यांनी मोठ्या डॉक्टरांशी व इस्पितळांशी केली. मग एका पणतीने दुसरी पणती पेटवून दाखविली आणि झुंबराला हे जमत नाही, याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधले.

परदेशी शिकणाऱ्या प्रत्येकाने जामखेडहून घ्यावयाचा धडा असा : परक्या ठिकाणी मैत्रीची सुरुवात काही दाखविण्यातून होत नाही, काही विचारण्यातून होते. जो नुसता पाहायला येतो, त्याला माणसे चहा पाजून निरोप देतात. जो शिकायला बसतो, त्याला ती घरातला मानतात.

पहिले महिने जड का जातात?

नवख्या देशातील अस्वस्थतेचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात मांडला. त्यांच्या मते, प्रथम सर्व काही नवलाचे वाटते. मग तेच सारे डोक्यात जाऊ लागते : जेवण अळणी, माणसे थंड, दिवस लवकर मावळणारा. त्यानंतर हळूहळू जम बसतो. नॉर्वेचे अभ्यासक स्व्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला. सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळातील लोकांना जुळवून घेणे अधिक अवघड गेले होते, असे त्यांना आढळले.

प्रत्येकाचा अनुभव असाच असेल असे नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले आहे. तरीही पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे : मुलगी पहिल्या महिन्यात आनंदात होती आणि पाचव्या महिन्यात फोनवर रडली, तर ती अपयशी ठरली असे नाही. ती अवघड टप्प्यातून जात आहे. नेमक्या याच काळात तिला जवळच्या माणसाची गरज असते.

मैत्रीची तीन वर्तुळे

स्टीफन बॉकनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची तीन वर्तुळे सांगितली. पहिले स्वदेशीयांचे : तेथे आपली भाषा व आपले सण जपले जातात. दुसरे यजमान देशातील लोकांचे : अभ्यास, नोकरी व कार्यालयीन कामे यांत त्यांची मदत होते. तिसरे इतर देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे : सहली, खेळ आणि फावला वेळ त्यांच्यासोबत जातो. आपल्या मुलांचे पहिले वर्तुळ लगेच तयार होते. चार मराठी मुले एकत्र खोली घेतात, एकत्र वरणभात करतात, आणि दोन वर्षे कशी सरली ते कळतही नाही. परतल्यावर मात्र त्या देशातील एकाही घराचा उंबरठा आपण ओलांडला नाही, हे ध्यानात येते.

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटर या ख्रिस्ती गृहिणीशी त्यांचा पत्रव्यवहार त्यापूर्वीच सुरू झाला होता. एका मासिकात आनंदीबाईंविषयी वाचून कार्पेंटरबाईंनी आपणहून पत्र पाठविले होते. पुढे त्या पत्रांतून दोघींनी एकमेकींच्या चालीरीती समजून घेतल्या. अमेरिकेत पोहोचल्यावर आनंदीबाई प्रथम त्यांच्याच घरी उतरल्या. त्यांना त्या मावशी मानीत.

आनंदीबाईंनी आपला हिंदू धर्म सोडला नाही, आणि कार्पेंटरबाईंच्या मायेत त्यामुळे अंतर पडले नाही. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. अशा रीतीने स्वदेशीय आणि परदेशीय, दोन्ही वर्तुळे आनंदीबाईंच्या पाठीशी होती. १८८७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

रीतीभाती समजून घेताना

आपल्या गावात पाहुण्यास आधी पाणी देतात, मग चहा. लग्न झाले का, पगार किती, भावंडे किती, हे आपुलकीचे प्रश्न समजले जातात. निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जामखेडला येणारा परदेशी विद्यार्थी प्रथम गोंधळतो. पण शेजारच्या बाईंना ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणू लागला की त्याला पहिली भाकरी मिळते.

आपली मुले बाहेर गेली की हेच उलट घडते. जर्मनीत न कळविता कोणाच्या दारी जाणे अयोग्य समजतात आणि रविवारी मोठा आवाज केलेला खपत नाही. पगार विचारणे अनेक देशांत अशिष्ट ठरते. अमेरिकन माणूस ‘कसे आहात?’ म्हणतो तेव्हा तो बहुधा नुसता नमस्कार असतो. ऑस्ट्रेलियात भोजनाला ‘एक प्लेट घेऊन या’ असे सांगितले, तर रिकामी थाळी न्यायची नसते, एखादा पदार्थ करून न्यायचा असतो. यात कोणी तुटक नाही आणि कोणी आगाऊही नाही. आदर दाखविण्याची रीत तेवढी निराळी आहे.

परक्या भूमीशी असे नाते जोडण्याचा एक आदर्श आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी आपल्या आयुष्यातील सुमारे सहा दशके या देशात घालविली. पाणलोट विकासाच्या कार्यासाठी ते नगरच्या शेतकऱ्यांमध्ये मिसळले. पाणी अडविण्याचे काम गावानेच हाती घ्यावे, या आग्रहामुळे ते लोकांना आपले वाटले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी

१. निघण्यापूर्वी त्या देशाच्या भाषेतील रोजची शंभर वाक्ये तरी पाठ करावीत. शिक्षण इंग्रजीत असले तरी बाजार, बस आणि शेजार स्थानिक भाषेतच चालतो.

२. आठवड्यातून एकदा एखाद्या स्थानिक मंडळात जावे : खेळ, गायनवृंद, बागकाम, सेवाकार्य. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसल्यानेच ओळख मैत्रीत बदलते.

३. रविवारच्या मिस्सेला जवळच्या धर्मग्रामात जावे व तेथील धर्मगुरूंना आपला परिचय द्यावा. मिस्सा संपताच निघून न जाता दहा मिनिटे थांबावे.

४. स्वतःच्या संस्कृतीतील एक गोष्ट इतरांना शिकवावी आणि त्यांच्याकडून एक शिकावी. भाकरी थापायला शिकविताना जी ओळख होते, ती व्याख्यानाने होत नाही.

५. एकटेपणा आठवडेच्या आठवडे हटला नाही, झोप व जेवण बिघडले, तर विद्यापीठातील समुपदेशकाकडे जावे. त्यात लाज नाही.

पालकांसही एक विनंती. दररोज संध्याकाळी तासभर व्हिडिओ कॉल केल्याने आपले मन शांत होते, पण मुलाची तीच संध्याकाळ नव्या ओळखीची असते. फोन जरूर करावा, परंतु ‘काय जेवलास?’ या प्रश्नाबरोबर ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ हेही विचारावे. आणि आपल्या गावी कोणी परदेशी विद्यार्थी आला, तर त्याला एक वेळ घरी जेवायला बोलवावे. आपली लेकरे परमुलखात ज्या उंबरठ्याची वाट पाहतात, तो उंबरठा आपल्याही घराला आहे.