खुनाच्या आधीची पंधरा मिनिटं

अमेरिकेच्या मेन राज्यातलं कॅबट कोव्ह हे समुद्राकाठचं गाव. एक गाडी माणसाच्या अंगावर धावून जाते आणि बघणारे अवाक होतात, कारण गाडीत चालकच नाही. कोणीतरी दूर बसून रिमोटवर ती हाकतं आहे. पुढे ह्याच गाडीत जेसिका फ्लेचर अडकते. दारं बंद, वेग वाढतो आहे. आणि जेसिकाबाईंना गाडी चालवता येत नाही! त्या गावभर सायकलने फिरतात. हे सगळं १९८४ सालचं. त्या काळी असं यंत्र खेड्यातल्या एका विक्षिप्त संशोधकाच्या हाती कसं आलं, असा प्रश्न पडायच्या आत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो.

रहस्यकथा लिहिणारी ही जेसिका जिची नायिका, ती ‘मर्डर, शी रोट’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली. भाग २६४. सध्या मी ती पुन्हा बघतो आहे, ती वही घेऊन आणि मधे मधे थांबवून. खुनी कोण ह्याची उत्सुकता आता नाही. हे पटणार नाही असं आपलं आपल्यालाच कळत असताना आपण पुढे का बघत राहतो, ते यंत्र मला खोलून बघायचं आहे.

जाहिराती वगळल्या तर एका भागाला पाऊण तासाच्या आसपास वेळ मिळतो. त्यातली पहिली दहा-पंधरा मिनिटं कोणी मरत नाही. ह्या वेळात एक उद्धट, श्रीमंत किंवा नुसताच नकोसा माणूस पाच-सहा जणांशी भांडतो. भावाशी पैशावरून, बायकोशी दुसऱ्या बाईवरून, भागीदाराशी कागदपत्रांवरून. प्रत्येक भांडणाला एक साक्षीदार हवाच, म्हणून दार किलकिलं राहिलेलं असतं. कॅबट कोव्हमध्ये एकही दार नीट लागत नाही, अशी नोंद मी वहीत केली आहे. मग प्रेत सापडतं आणि पोलीस ज्याला पकडतात तो नेमका जेसिकाचा पुतण्या, मैत्रिणीचा मुलगा किंवा जुना विद्यार्थी निघतो. ग्रेडी हा तिचा पुतण्या तर इतक्या वेळा संशयित ठरला की त्याने खिशात वकील घेऊनच फिरायला हवं होतं.

खरी कारागिरी असते ती दुवा लपवण्यात. बहुतेक वेळा खुनी बोलता बोलता अशी एखादी गोष्ट बोलून जातो, जी खून करणाऱ्यालाच ठाऊक असू शकते. ते वाक्य आपल्या कानांवरून गेलं पाहिजे, पण मनात थांबता कामा नये. उत्तर माहीत असताना भाग पुन्हा बघितला की ही हातचलाखी उघडी पडते. ते वाक्य बरेचदा एखाद्या विनोदाच्या आधी येतं, किंवा डॉक्टर सेठ हॅझलिट खाण्यापिण्यावरून कुरकुर करत असताना, किंवा शेरीफ एमस टपर आत्मविश्वासाने भलताच निष्कर्ष काढत असताना. आपण हसतो, आणि त्या हसण्याखाली पुरावा सरकवला जातो. म्हणजे ह्या मालिकेतला हलकेपणा हा वर भुरभुरवलेला मसाला नाही. तो काढून टाकला तर रहस्य अर्ध्यातच फुटेल.

शेवटाकडे कोणीतरी सहज काहीतरी बोलतं, आणि जेसिका थबकते. डोळे किंचित मोठे होतात, नजर समोरच्या माणसाच्या पलीकडे जाते. जेसिका झालेली अँजेला लॅन्सबरी हे इतक्या वेळा करते, तरी दर वेळी वाटतं की हिला आत्ताच सुचलं. लगेच सापळा, आणि खुनी कबुली देऊन टाकतो. ह्या कबुलीजबाबांवर कुठलंही न्यायालय शिक्षा देणार नाही. एक चांगला वकील दहा मिनिटांत आरोपीला घरी नेईल. पण भागात तेवढी मिनिटं उरलेलीच नसतात. अखेरच्या दृश्यात जेसिका हसते आणि चित्र तिथेच गोठतं. अर्ध्या तासापूर्वी एक माणूस जिवानिशी गेला, ह्याची कोणालाच आठवण नसते. मला हे निर्दय वाटायला हवं, वाटत नाही.

ही मालिका उभी करणारे रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे ‘कोलंबो’चेही जनक. तिथे खुनी पहिल्यापासून माहीत असतो, त्यामुळे सगळा खेळ दोन माणसांच्या द्वंद्वाचा. जेसिकाच्या मालिकेचे तिसरे जनक पीटर फिशर. हेच तिघे १९७५ साली आलेल्या ‘एलरी क्वीन’ मालिकेतही होते. त्यात उलगडा होण्याआधी नायक थेट कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांना विचारायचा की, तुम्ही ओळखलंत का? ती मालिका एका हंगामात आटोपली. मला विचाराल तर कोडं तिथे अधिक सफाईदार होतं. पण रविवारी रात्री जेवण उरकून बसलेल्या माणसाची कोणी परीक्षा घेऊ नये. जेसिका परीक्षा घेत नाही. ती निवृत्त इंग्रजी शिक्षिका असूनही घेत नाही, हा मोठेपणाच. (आपल्या दूरदर्शनवर साधारण त्याच काळात गाजरं चावणारा ‘करमचंद’ आला. तोही लोकांच्या लक्षात आहे तो गाजरांमुळे आणि त्याची सहायक किटी हिच्यामुळे. त्याने सोडवलेलं एक प्रकरण सांगा म्हटलं तर मीसुद्धा गप्प बसेन.)

वहीची सगळ्यात जास्त पानं भरली ती पाहुण्या कलाकारांनी. त्या बिनचालक गाडीच्या भागात व्हॅन जॉन्सन आणि जून अॅलिसन आहेत. चाळीसच्या दशकात एमजीएमच्या चित्रपटांत ही जोडी गाजलेली होती. स्टुडिओंचा तो जमाना संपला, कामं आटली, आणि लॅन्सबरीने अशा अनेक जुन्या सहकाऱ्यांना ह्या मालिकेत बोलावलं. त्यांच्या कलाकार संघटनेत आरोग्यविमा टिकवायला वर्षाकाठी ठरावीक कमाई लागते. एखाद्या भागातल्या छोट्या भूमिकेने कोणाची तरी ती अडचण सुटायची. हे कळल्यावर ते संशयितांचे घोळके मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. एखादी म्हातारी नटी फक्त चहा ओतायला येते आणि कॅमेरा तिच्यावर जरा जास्तच रेंगाळतो.

ह्यातला सर्वांत सुंदर प्रयोग १९८७ सालचा, ‘द डेज ड्विंडल डाउन’. १९४९ साली ‘स्ट्रेंजेस्ट बार्गेन’ नावाचा एक छोटा कृष्णधवल चित्रपट आला होता. मालिकेने त्याचीच दृश्यं पूर्वस्मृती म्हणून वापरली, आणि जेफ्री लिन, मार्था स्कॉट आणि हॅरी मॉर्गन ह्या त्यातल्याच कलाकारांना पुन्हा त्याच भूमिकांत उभं केलं. जवळपास चाळीस वर्षांनी तीच माणसं, आणि तरुणपणचे त्यांचे चेहरे मेकअपशिवाय खरे. जुनं प्रकरण नव्याने उकरण्याची सबब तर्काला धरून आहे का? फारशी नाही. पण इतकी खरी पूर्वस्मृती दुसऱ्या कुठल्या रहस्यमालिकेत मी पाहिलेली नाही.

१९९५ साली वाहिनीने मालिका रविवारवरून हलवून गुरुवारी रात्री ‘फ्रेंड्स’ ह्या विनोदी मालिकेसमोर लावली. तरुण प्रेक्षक तिकडे, म्हातारे नेहमीच्या वारी शोधत बसलेले. व्हायचं ते झालं आणि तो हंगाम शेवटचा ठरला. पण त्याच हंगामात लेखकांनी ‘मर्डर अमंग फ्रेंड्स’ नावाचा भाग लिहिला. त्यात ‘बड्स’ नावाची, तरुण मित्रमैत्रिणींची एक तुफान लोकप्रिय विनोदी मालिका आहे. तिथे खून पडतो, आणि चौकशीला जेसिका जाते.