तासावर मोजलेली प्राध्यापकी

महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत 'सीएचबी' या तीन अक्षरांनी ओळखला जाणारा एक मोठा अध्यापकवर्ग आहे. शासकीय भाषेत त्याला 'तासिका तत्त्वावरील अध्यापक' म्हणतात. प्राध्यापकाची नेमणूक पदावर न करता त्याने घेतलेल्या तासांची बेरीज करून त्याला मोबदला द्यायचा, अशी ही पद्धत आहे. पद रिक्त असते, त्या पदाचा कार्यभार, म्हणजे आठवड्याला शिकवायच्या तासांचा वाटा, मात्र शिल्लक असतो. हा कार्यभार साधारणपणे दोघांत वाटला जातो आणि प्रत्येकाला आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास मिळतात. अशा अध्यापकाला मिळणाऱ्या रकमेला शासन निर्णयांत 'वेतन' न म्हणता 'मानधन' म्हटले जाते, आणि या शब्दयोजनेत पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ आहे. वेतन नोकराचे असते, त्याच्यामागे सेवाशर्ती, रजा, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीचे लाभ येतात. मानधन हे बाहेरून येऊन व्याख्यान देणाऱ्या पाहुण्याला द्यायचे असते. मात्र सीएचबीवरील अध्यापक पाहुणा नसतो. तो अभ्यासक्रम पूर्ण करतो, अंतर्गत परीक्षेचे गुण भरतो, आणि पुष्कळ विभागांत तो विषय शिकवणारा तोच एकटा असतो.

ही व्यवस्था ग्रामीण तालुक्यांत अधिक ठळकपणे दिसते. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे स्थान असलेले कुकडीकाठचे ओझर, त्याच्या भोवतीची उसाची आणि टोमॅटोची शेते, आणि या शेतकरी घरांतून पदवीसाठी बाहेर पडणारी मुले, अशा या पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याची भिस्त परिसरातील मोजक्या महाविद्यालयांवर आहे. नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील मंचरचे अण्णासाहेब आवटे व घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय ही सर्व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. शहरात सीएचबीवर काम करणाऱ्याला दुसरे महाविद्यालय, खासगी शिकवणी किंवा स्पर्धा परीक्षांचा वर्ग जवळपास सापडू शकतो. जुन्नर-आंबेगावसारख्या भागात मात्र सकाळचे तास एका गावी आणि उरलेले दुसऱ्या गावी मिळवायचे, तर पुणे-नाशिक महामार्गावरून किंवा उसाच्या फडांमधल्या रस्त्यांवरून दुचाकीने ये-जा करावी लागते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि हा सारा टापू बिबट्यांच्या वावराचा आहे. अशा प्रवासाचे पेट्रोल आणि अशा प्रवासाचा वेळ कोणत्याही बिलात धरला जात नाही.

तासिका तत्त्व मुळात तात्पुरती सोय म्हणून आले. एखादा प्राध्यापक दीर्घ रजेवर गेला, निवृत्त झाला किंवा बिंदुनामावलीच्या, म्हणजे आरक्षणानुसार पदांची क्रमवारी ठरवणाऱ्या तक्त्याच्या, तपासणीत भरती अडकली, तर वर्ग रिकामे राहू नयेत, एवढाच तिचा हेतू होता. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांची नवी रचना, निश्चित होईपर्यंत भरती थांबवली आणि ही सोयच नियम बनली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास परवानगी मिळाली, पण ती प्रक्रिया पुरती मार्गी लागण्याआधीच करोनाकाळातील काटकसरीसाठी मे २०२० मध्ये पुन्हा भरती थांबली. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ पदांना नव्याने मान्यता देण्यात आली. या वर्षांत निवृत्तीमुळे कायम प्राध्यापक दर जूनला कमी होत गेले आणि नेट, सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन किंवा पीएच.डी. मिळवून बाहेर पडणारे तरुण दर जूनला वाढत गेले. पात्रता आहे, शिकवण्याचे काम आहे, विद्यार्थी समोर बसलेले आहेत, फक्त पद नाही, अशी एक संपूर्ण पिढी या काळात तयार झाली.

मोबदल्याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन मांडला, तर या व्यवस्थेचे खरे स्वरूप दिसते. २०१८ च्या निर्णयानंतर पदवी वर्गाच्या एका तासाला ५०० रुपये मिळत होते; २०२२ मध्ये जाहीर झालेल्या वाढीने हा दर ९०० रुपयांवर गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार शैक्षणिक वर्षात अध्यापनाचे ३० आठवडे असतात. एकही तास न चुकता ९ तासांप्रमाणे ३० आठवडे शिकवले, तर वर्षाची कमाई २,४३,००० रुपये होते. सातव्या वेतन आयोगानुसार नव्याने रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच दरमहा ५७,७०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,९२,४०० रुपये आहे, आणि महागाई भत्ता व घरभाडे भत्ता त्यावर वेगळे. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवणे अपेक्षित असते. त्या प्रमाणात ९ तासांचा वाटा काढला, तरी नुसत्या मूळ वेतनाच्या हिशेबाने तो ३,८९,४७५ रुपये भरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रति तास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला होता. त्या दराने हीच वार्षिक रक्कम ४,०५,००० होते. याचा अर्थ आयोगाचा दर उदारपणाचा नव्हता, तो पूर्णवेळ शिक्षकाच्या मूळ वेतनाशी जवळपास जुळणारा होता, आणि राज्याचा दर त्याच्याही बराच खाली राहिला. शिवाय वेळापत्रकातील तासिका ४८ मिनिटांची असते. दर घड्याळी तासाचा, म्हणजे ६० मिनिटांचा धरला, तर एका तासिकेचे ७२० रुपयेच होतात, आणि २,४३,००० चे १,९४,४०० उरतात. तासिका कोणती धरायची, हा प्रश्न या अध्यापकांच्या निवेदनांत वारंवार येतो, तो यामुळेच.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण होतो. जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता या टप्प्यांतून नेमणूक हाती येईपर्यंत सत्राचे काही आठवडे निघून जातात. दिवाळीच्या सुटीत, परीक्षेच्या दिवसांत, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तास होत नाहीत आणि तास नाही म्हणून पैसे नाहीत. प्रत्येक तासाची नोंद वहीत होते, ती विभागप्रमुख तपासतात, प्राचार्यांची सही होते, बिल विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडे जाते आणि रक्कम महिनोन्महिने उशिरा, कधी एकदम, बँकेत येते. दरमहा किराणा भरायचा असतो त्या घराला हा उशीर दराइतकाच महाग पडतो. याखेरीज नॅक मूल्यांकनाच्या फायली, प्रवेशाचे काम, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, सहलीला मुलांबरोबर जाणे, अशी कामे सीएचबीवरील अध्यापकाकडे सहज येतात. नकार दिला तर पुढच्या जूनमधली नेमणूक डोळ्यांसमोर असते.

कामगार कायद्याने या वर्गाला आसरा दिलेला नाही. गोव्यातील एका शाळेने काढून टाकलेल्या शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल दिला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम नव्हे, तो उदात्त स्वरूपाचा व्यवसाय आहे. या गौरवाची किंमत शिक्षकांनाच मोजावी लागली, कारण कामगार न्यायालयाचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला. महाराष्ट्रात बडतर्फीविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण सीएचबीवरील अध्यापकाला बडतर्फ करावेच लागत नाही. वर्ष संपते, नेमणूक आपोआप संपते आणि अपील करण्यासाठी आदेशच हातात नसतो.

संघटित होण्यातील अडचणही इथेच आहे. कायम प्राध्यापकांच्या हाती परीक्षेवरील बहिष्काराचे मोठे हत्यार असते. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, ज्याला 'एम्फुक्टो' म्हणतात, ते ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात वापरले. त्या आंदोलनात वेतनाच्या थकबाकीबरोबर नेट-सेट नसलेल्या जुन्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्नही होता. आंदोलकांचा पगार रोखला गेला, तरी त्यांची पदे शाबूत राहिली. सीएचबीवरील अध्यापकाने बहिष्कार टाकला, तर त्याचा तास बुडतो, तासाबरोबर मानधन बुडते आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा अर्जदार उभा असतो. म्हणून नेट-सेट-पीएच.डी. धारकांच्या संघर्ष समितीची आंदोलने धरणे, उपोषण, निवेदन अशा मार्गाने जातात, आणि ती बहुधा पुण्यात उच्च शिक्षण संचालक कार्यालयासमोर होतात. सप्टेंबर २०१८ मध्ये एम्फुक्टोने पुकारलेल्या कामबंद आंदोलनात रिक्त पदे आणि तासिका तत्त्वाचा प्रश्न पुढे आला आणि नोव्हेंबरमधले भरतीचे व दरवाढीचे निर्णय त्यापाठोपाठ आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यांची नोकरी सुरक्षित आहे त्यांनी काम थांबवले, तेव्हाच ज्यांची नोकरी सुरक्षित नाही त्यांच्या पदरात काही पडले.

दिल्लीतही तसेच घडले. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्ट २०१९ च्या पत्रकाने तात्पुरत्या, 'अ‍ॅड-हॉक' अध्यापकांऐवजी अतिथी अध्यापक नेमण्यास सांगितले, तेव्हा डिसेंबरमध्ये तेथील शिक्षक संघटनेने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकून कुलगुरूंच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडले, आणि केंद्रीय मंत्रालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या विद्यापीठात २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अर्धवेळ अध्यापकांनी सुमारे तीन आठवडे संप केला. तिथे शिकवणाऱ्यांत बहुसंख्य तेच असल्याने विद्यापीठाचे वर्ग थांबले आणि करार झाला. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या महाविद्यालयात सीएचबीवर दहा-बारा जण असतात, प्रत्येकाच्या नेमणुकीची मुदत वेगळी आणि विषय वेगळा; त्यांची तेवढी ताकद एका जागी जमत नाही.

न्यायालयाची वाट अलीकडे थोडी रुंदावली आहे. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीतील किमान वेतन देण्याचा आदेश देताना, शिक्षकाला सन्मानाने जगता येईल एवढा मोबदला न देता समारंभात गुरूची थोरवी गाण्यात अर्थ नाही, या आशयाची स्पष्ट टिप्पणीही न्यायालयाने केली. मात्र ते कंत्राटी अध्यापक मासिक नेमणुकीवर पूर्ण कार्यभार सांभाळत होते. महाराष्ट्रात कार्यभारच ९ तासांत तोडलेला असल्याने 'समान काम' सिद्ध करण्याचे ओझे अध्यापकावर पडते. दुसरीकडे, २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने कंत्राटी अध्यापकांसाठी एकूण संख्येच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली होती, आणि जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ती मर्यादाच गाळलेली होती.

दरम्यान नवे शैक्षणिक वर्ष आले की वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चौकट येते: विषय, पदसंख्या, 'तासिका तत्त्वावर', मुलाखतीची तारीख. पदवी, पदव्युत्तर आणि सेटच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचा तोच गठ्ठा पुन्हा साक्षांकित होतो, अनुभवाच्या दाखल्यांत एकाची भर पडते, आणि पाच-सहा वर्षे तोच विषय त्याच वर्गात शिकवलेला अध्यापक त्याच महाविद्यालयाच्या निवड समितीपुढे नवा उमेदवार म्हणून बसतो.