सराफ पेठेतलं आपलं मंडळ

सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव. या तालुक्यांत पाऊस पडेलच, याचा भरवसा कुणी कधी धरला नाही. पोटासाठी इथली माणसं बाहेर पडली. काही मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली. बाकीच्यांनी वेगळी वाट धरली ती गलाईची, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याची. 1972 च्या दुष्काळानं या वाटेवरची गर्दी आणखी वाढवली. आज कोइमतूर, मदुराई, कोची, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली अशा कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत मागच्या बोळात शिरा, माणदेशी मराठी कानावर पडेल.

काम अंगावर येणारं आहे. डागाचं सोनं मुशीत चांदी किंवा तांबं मिसळून वितळवायचं आणि मग नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळं सोनं हाती येतं. उरलेल्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. या सगळ्यात जो तांबूस धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. फुफ्फुसाला तो घातक आहे, आणि दुकान बहुधा एका खोलीचं असतं.

अशा खोलीत गावाकडून पोरगा येतो. परक्याचं सोनं रोज त्याच्या हातातून जाणार, म्हणून मालक अनोळखी माणूस ठेवत नाही. भाचा, मेव्हण्याचा मुलगा, भावकीतला कुणीतरी आणतो. पोराला तमिळ येत नाही, बंगाली येत नाही. मामाच्या दुकानात काम, तिथंच जेवण, बहुतेकदा तिथंच झोप. घरची आठवण आली तर ती सांगायची कुणाला? मामा तर मालकही आहे.

इथं मराठी मंडळ कामाला येतं. बाहेरच्यांना त्याचा गणेशोत्सव आणि शिवजयंतीची मिरवणूक दिसते. मला मात्र त्याची खरी किंमत वर्षाच्या उरलेल्या दिवसांत दिसते. परमुलखात कुणी वारलं, तर मृतदेह गावी पोचवायला वर्गणी निघते. खोली भाड्यानं मिळत नसेल, तर जुना गाववाला घरमालकाकडं शब्द टाकतो. आणि पोलीस आले, तर भाषा येणारी चार माणसं ठाण्यात जाऊन उभी राहतात. विक्रीला आलेला दागिना चोरीचा निघाला, की गलाईवाल्यावर चोरीचा माल घेतल्याचं कलम लागू शकतं. पूर्वीच्या दंडसंहितेतलं 411, आता न्यायसंहितेतलं 317. वितळलेल्या सोन्याची ओळख पटवणं अशक्य, त्यामुळं निर्दोष माणूसही हवालदिल होतो. एकट्यानं हे झेपत नाही.

कायद्याची सावली इथवर फारशी पोचली नाही. परराज्यातल्या कामगारांसाठी 1979 चा कायदा झाला, पण तो पाच किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. दोन-तीन पोरांचं गलाईचं दुकान त्यात बसलंच नाही. मग त्या पोराचा आधार मंडळच.

म्हणूनच मंडळाकडून माझी अपेक्षा मोठी आहे. मंडळ चालवतात ते बहुतेक मालक, कारण वर्गणी त्यांचीच. पोराचं गाऱ्हाणं मालकाविरुद्ध असेल, तर ते मांडायचं कुणापुढं, हा प्रश्न तसाच राहतो. दुसरं, बायका. लग्न होऊन थेट परमुलखात आलेली मुलगी चार भिंतींत राहते. हळदीकुंकवाला भेटलेल्या मैत्रिणी हीच तिची माणसं. तिला तिथली भाषा शिकवायचा वर्ग मंडळानं काढला, तर दवाखाना, शाळा, बाजार तिला एकटीला जमेल. पुढच्या पिढीचं तमिळ किंवा हिंदी पक्कं होतं, मराठी तेवढी घरापुरती उरते, याचं दुःख मोठ्यांना आहे. पण आईला तमिळ आलं म्हणून लेकराची मराठी जात नाही.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी गावाकडच्या काही शिवारांत आलं आहे, तरी पोरं अजून बाहेर जातात. म्हसवडला, खरसुंडीला, रेणावीला यात्रा भरली की गलाईवाले देशभरातून परततात. मंडळींनो, तेव्हा गाठ पडेल, तर तीन गोष्टी ठरवा: दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या पोराची नोंद, धूर बाहेर काढणारा पंखा आणि धुराडं, आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी. वर्गणी तुम्ही देताच. तिच्यातला वाटा यंदा यासाठी काढा.