भाजी धुतली, पण आतले औषध?

‘डॉक्टर, भाजी मिठाच्या पाण्यात धुतली की फवाऱ्याचे औषध निघून जाते ना?’ हा प्रश्न गृहिणी नेहमी विचारतात. याचे उत्तर अर्धे ‘हो’ आणि अर्धे ‘नाही’ असे आहे. पानावर किंवा सालीवर बसलेले औषध साध्या वाहत्या पाण्यानेही बऱ्याच अंशी निघते. पण पिकाच्या अंगात भिनलेले औषध धुऊन निघत नाही.

ते आत शिरते कसे? मुळे जमिनीतले पाणी ओढतात, तेव्हा त्यात विरघळलेले रसायनही आत येते आणि खोडातून पानांपर्यंत चढते. काही कीटकनाशके तर मुद्दाम अशीच बनवलेली असतात. शेतकरी बांधव त्यांना ‘आंतरप्रवाही’ औषधे म्हणतात. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलेच एक. पिकाचा रस शोषणारा मावा त्याने मरतो. पण तीच भाजी पुढे आपल्या ताटात येते.

डीडीटी, बीएचसी, डील्ड्रिन यांचा स्वभाव निराळा. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेला-तुपात मात्र विरघळतात. मातीला चिकटून ती वर्षानुवर्षे राहतात. अशा जमिनीतल्या गाजरात त्यांचा बराचसा अंश सालीतच अडकतो. काकडी-भोपळ्याच्या वेलांची मुळे मात्र तो ओढून थेट फळापर्यंत नेऊ शकतात. जपानमध्ये डील्ड्रिनचा शेतीतील वापर १९७० च्या दशकात थांबला. तरीही सन २००० नंतर तेथील काकडीत त्याचा अंश सापडला. आपल्याकडे बीएचसी पावडरवर १९९७ साली बंदी आली. बंदीने वापर थांबतो, पण माती लगेच स्वच्छ होत नाही.

पीकही गप्प बसत नाही. आपले यकृत करते तसेच काम वनस्पतीच्या पेशी करतात. आधी रसायनाची मोडतोड होते, मग त्याला साखरेचा रेणू जोडून त्याचा जहालपणा कमी केला जातो. परंतु वनस्पतीला मूत्रपिंड नाही. त्यामुळे हा माल बाहेर टाकता येत नाही; तो पेशीतच साठवावा लागतो. शिवाय या कामाला दिवस लागतात. डीडीटीसारखी चिवट रसायने तर फारशी मोडतच नाहीत. अन्नातून आलेली ती आपल्या चरबीत साठतात आणि आईच्या दुधातूनही उतरतात.

म्हणून खरी काळजी तोडणीच्या आधी घ्यायला हवी. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे औषधासोबतच्या पत्रकावर छापलेले असते. ते दिवस पाळावेत. आज फवारा आणि उद्या बाजार, असे करू नये. जमिनीत शेणखत, कंपोस्ट भरपूर घालावे. सेंद्रिय पदार्थ अशी रसायने धरून ठेवतात व मुळांना कमी मिळू देतात.

घरी गाजर, मुळा, बटाटा सोलून वापरावा. कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत. एकच भाजी रोज न आणता आलटून पालटून आणावी. भाजी विकणारा ओळखीचा असेल, तर ‘फवारा कधी मारला?’ असे विचारायला संकोचू नये.

मात्र या भीतीने भाजी खाणे सोडू नका. भाजी न खाण्याने होणारे नुकसान अधिक मोठे आहे.