पिकअप गाडीचा भोंगा व त्याची तारजोडणी

पूर्वीं वऱ्हाडांत भोंगा म्हटला म्हणजे जिनाचा किंवा गिरणीचा. आतां तो दारोदार उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांत येऊन बसला आहे. वरूड-मोर्शीकडील संत्र्याचे क्रेट, अकोट-दर्यापूरकडील कापूस, झालेंच तर आठवडी बाजारचा भाजीपाला, हा सर्व माल याच गाड्यांतून जातो. हंगाम लागला म्हणजे बहुतेक मालकांस असें वाटूं लागतें कीं, गाडीचा मूळचा भोंगा दुबळा आहे, सबब ट्रकासारखा हवेचा भोंगा बसवून घ्यावा. बाजारांत त्याचा संच सहज मिळतो. याविषयीं कांहीं सभासदांनीं आम्हांस विचारलें; आणि या बाबतींत आमच्या घरींच एकदां ठेंच लागलेली असल्यामुळें जें कळलें तें येथें लिहितों.

हवेच्या भोंग्याची रचना सोपी आहे. लहानशा डबींत पातळ पडदा ताणलेला असतो. त्यावर दाबाची हवा सोडली कीं तो उचलला जातो, हवा कर्ण्यांत निसटते, दाब उतरतो व पडदा पुन्हा बसतो. ही उघडझाप सेकंदास शेंकडों वेळां होऊन आवाज उत्पन्न होतो. कर्णा लांब असल्यास आवाज खर्जाचा, आंखूड असल्यास टिपेचा. मोठ्या ट्रकास ही हवा आयती मिळते, कारण त्याचे ब्रेकच हवेवर चालतात व त्यासाठीं टाकी भरलेली असते. पिकअप गाडीचे ब्रेक तेलावर चालतात. तींत हवेची टाकी नसते. म्हणून तिच्या संचांत विजेवर चालणारा एक छोटा पंप दिलेला असतो, आणि बटण दाबतांच तोच हवा उत्पन्न करून कर्ण्यांत लोटतो.

सगळा घोटाळा या पंपापाशीं आहे. गाडीच्या मूळच्या एका भोंग्यास ४ ते ५ अँपिअर वीज पुरते; पंपास १५ ते २० लागते. १८ अँपिअर धरल्यास १२ व्होल्टवर ती २१६ वॅट होते, म्हणजे हेडलाइटच्या जवळजवळ चार बल्बांइतकी. कारखान्यानें भोंग्यासाठीं घातलेली तार या कामाची नव्हे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंतून १८ अँपिअर नेल्यास दर मीटरास सुमारें ६ वॅट उष्णता निघते. उघड्यावरील तारेस ती सोसेलही. परंतु डॅशबोर्डामागें दहा तारांच्या जुडग्यांत गुंडाळलेल्या तारेस ती सोसत नाहीं.

आमच्या पुतण्यानें तीन वर्षांमागें असा संच बसवून आणला. ज्या मिस्त्रीनें तो बसविला त्यानें जुन्या भोंग्याच्या दोन तारा कापून त्याच पंपास जोडल्या. दोन दिवसांत फ्यूज जळाला. दुसरा घातला, तोही जळाला. तेव्हां मिस्त्रीनें १५ च्या जागीं ३० अँपिअरचा फ्यूज ठोकून दिला व "आतां जळणार नाहीं" असें सांगितलें. तें खरेंच ठरलें. फ्यूज जळाला नाहीं, तार जळाली. रात्रीं संत्रें भरून जात असतां स्टिअरिंगखालून धूर निघूं लागला. पुतण्यानें प्रसंगावधान राखून बॅटरीची तार उपटली म्हणून गाडी वांचली. माल मात्र दोन दिवस रस्त्यावर राहिला आणि व्यापाऱ्यानें पुढें जो भाव दिला तो सांगण्यासारखा नाहीं.

पण याहून वाईट गोष्ट त्याआधीं घडून गेली होती. गांवच्या शिवेवरील अरुंद रस्त्यावर पुढें कापसाची बैलगाडी चालली होती. पुतण्यानें तिच्या अगदीं मागें जाऊन तो भोंगा वाजविला. बैल बुजाले, गाडी नाल्यांत गेली व डावा बैल पुढच्या पायानें अधू झाला. गाडीवान आमच्याच गांवचा. आम्हीं नुकसानी भरून दिली व त्यानें ती घेतलीही; परंतु त्या वर्षीं पोळ्याला तो बैल तोरणाखालीं आला नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें. आम्ही त्या दिवशीं तोरणापाशीं फार वेळ उभे राहिलों नाहीं.

आमचा जन्म महसुली खात्याच्या कारकुनींत गेला, त्यामुळें गोष्ट बिघडल्यावर का होईना, नियम काढून पाहण्याची आम्हांस खोड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११९ प्रमाणें एकामागून एक निरनिराळे सूर काढणारा भोंगा, किंवा अवाजवी कर्कश, तीव्र, मोठा अथवा भयभीत करणारा आवाज काढणारें कोणतेंही साधन मोटारीस बसवितां येत नाहीं. शेतीच्या ट्रॅक्टरचाही त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण किंवा जरुरीपेक्षां अधिक भोंगा वाजविण्यास कलम १९४ एफ प्रमाणें पहिल्या वेळीं १,००० व पुढें २,००० रुपये दंड आहे. ध्वनीची मर्यादा मोडणारी गाडी चालविल्यास कलम १९० प्रमाणें पहिल्याच गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय परवाना तीन महिने जातो. इस्पितळ, शाळा व न्यायालय यांच्याभोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतें, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत वस्तींत भोंगा वाजवूं नये असें सर्वोच्च न्यायालयानेंही २००५ सालीं बजावलें आहे. "सगळेच लावतात" हें उत्तर कचेरींत चालत नाहीं. आम्हीं तें पुष्कळांच्या तोंडून ऐकलेलें आहे.

तथापि भोंगा ऐकूं गेला पाहिजे, हें सभासदांचें म्हणणें खोटें नव्हे. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. रस्ता असा गुळगुळीत झाला, पण शेतरस्त्यांवरून त्याकडे येणारीं जनावरें व बैलगाड्या पूर्वींच्याच आहेत. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटांत वळणावर भोंगा दिल्यावांचून गत्यंतर नसतें. प्रश्न एवढाच, कीं मूळचा भोंगा खरोखरच दुबळा आहे काय?

बहुधा तो उपाशी असतो. इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरनें बॅटरीवर पाहावें, १२.५ व्होल्टच्या आसपास दिसतील. नंतर एकानें बटण दाबून धरावें व दुसऱ्यानें भोंग्याच्या दोन टोंकांवर मोजावें. आमच्या गाडींत तेथें १० सुद्धां भरले नाहींत. बाकीचे व्होल्ट बारीक तार, बटणाचे झिजलेले स्पर्श आणि गंजलेली अर्थिंग यांनीं वाटेंत खाल्ले होते.

यावर उपाय रिलेचा. साहेब कागदावर सही करतात, ओझें शिपाई उचलतो. रिलेंत हीच व्यवस्था आहे. बटणांतून पाव अँपिअरहूनही कमी वीज जाते, तेवढ्यानें रिलेमधील लोहचुंबक ओढला जातो व भोंग्याची सगळी वीज बॅटरींतून जाड तारेनें परस्पर जाते. रिलेच्या पायांवर अंक असतात. ३० या पायास बॅटरीच्या धन टोंकाची तार फ्यूजमधून आणावी. ८७ वरून भोंग्यास तार न्यावी. ८६ व ८५ हे चुंबकाचे पाय. भोंग्याच्या बटणांतून धन वीज येत असेल तर ती ८६ ला द्यावी व ८५ चेसिसला जोडावा. पुष्कळ गाड्यांत बटण अर्थिंगच जोडतें. तसें असल्यास ८६ ला किल्लीनंतरची धन वीज द्यावी व बटणाची तार ८५ ला लावावी. यांपैकीं कोणता प्रकार आहे हें टेस्ट लॅम्पनें आधीं पाहावें. अंदाजानें जोडूं नये.

काम आरंभण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडावें. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा, कारण तो भोंग्याचें रक्षण करण्यासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं आहे. फ्यूजच्या अलीकडची तार घासली गेल्यास तिला वाली कोणी नाहीं. पत्र्याच्या छिद्रांतून तार नेतांना रबरी बुश घालावा. अर्थिंगच्या जागेवरील रंग खरवडून पत्रा उघडा करावा. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळूं नये, चिमट्यानें दाबलेले लग घालावेत. एक खर्जाचा व एक टिपेचा असे दोन साधे विजेचे भोंगे एकदम वाजतील असे बसविल्यास सुमारें १० अँपिअर लागतात. त्यांस अडीच चौरस मिलिमीटरची तार व १५ अँपिअरचा फ्यूज पुरे. आम्हीं असेंच केलें. आवाज दूरवर जातो, आणि बैल कान टवकारतो, पण बुजत नाहीं.

हवेचा संच काढून ठेवला होता तो शेतावर उपयोगी पडला. हरभऱ्यांत रोही व रानडुकरें फार येतात. शेत वस्तीपासून दूर आहे. जुन्या १२ व्होल्ट बॅटरीवर, वरच्याच रीतीनें रिले व फ्यूज घालून, पंप माळ्याच्या खांबास बसविला. पंपास चार चौरस मिलिमीटरची तार दिली, फ्यूज पंपावर लिहिलेल्या आंकड्यापेक्षां थोडासाच अधिक घेतला. पंप उभा ठेवला, नळी हातभरापेक्षां लांब केली नाहीं, आणि कर्ण्याचीं तोंडें किंचित् खालीं झुकविलीं, नाहीं तर दंवाचें पाणी पडद्यावर सांचून भोंगा घोगरा होतो. मेळघाटच्या जंगलाला लागून ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं मात्र वनखात्यास विचारल्याशिवाय हें करूं नये. पहिले पंधरा दिवस रोह्यांचा कळप शिवारांत फिरकला नाहीं. पुढें त्यांस आवाजाची संवय झाली. तेव्हांपासून पुतण्या तो ठराविक वेळीं न वाजवितां रात्रीं केव्हांही, आणि एका रात्रींत दोनदांपेक्षां अधिक नाहीं, असा वाजवितो.