बाभळीचे दरवाजे पाहून गळ टाका



धर्माबाद तालुक्यात गोदावरीचे पाणी बारमाही एकसारखे नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. त्यानंतर पाणी अडते आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडले जाते. म्हणजे वाहते, साठलेले आणि आटणारे अशी तीन प्रकारची पाणी आपल्याला वर्षभरात मिळतात. प्रत्येक पाण्यात मासा वेगळा वागतो. एकच गळ, एकच आमिष घेऊन बसाल तर हात हलवीत परत यावे लागेल.

गढूळ वाहते पाणी : अशा पाण्यात माशाला दिसत नाही, तो वासावर येतो. शिंगाडा हा तळाचा मासा आहे, मिशांनी चाचपून खातो आणि रात्री जास्त फिरतो. त्याला गांडुळांचा झुबका लावावा, शिसे जड बांधावे, म्हणजे आमिष तळाशी टिकते. भर धारेत टाकू नये. खडकाआड, वळणावर, जिथे पाणी मंद होते तिथे टाकावे. शिंगाड्याच्या पाठीवरचा व कल्ल्यामागचा काटा करवतीसारखा असतो. ओले फडके गुंडाळूनच त्याला धरा.

थंडीतले साठलेले पाणी : पाणी निवळते, मासा सुस्तावतो व खोल जातो. जाड दोरी त्याला दिसते. म्हणून बारीक नायलॉन, लहान गळ आणि लहान आमिष वापरा. पहाटे कुडकुडत बसण्यापेक्षा ऊन चढल्यावर, दुपारी बसलेले बरे.

उन्हाळ्यातले डोह : तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो. मरळ मात्र वर येऊन हवा घेते, त्यामुळे अशा पाण्यातही ती तग धरते. बुडबुडा कुठे फुटतो ते पाहा. सकाळी लवकर व सांजच्याला काठच्या गवताजवळ, शेवाळाच्या कडेला छोटा मासा किंवा बेडूक लावून गळ सोडा. मरळीला दात असतात आणि ती गवतात शिरते, तेव्हा दोरी जाडच हवी. मरळ ओल्या भांड्यात बराच वेळ जिवंत राहते, अन् जिवंत मरळीला बाजारात भाव चांगला येतो.

दोरीची निगा : नायलॉनची गाठ निसटते. पाच-सहा वेढे द्या, गाठ ओली करा, मग आवळा. उन्हात ठेवलेले नायलॉन कमजोर होते, ते सावलीत टांगा. तुटलेले जाळे नदीत सोडू नका, ते मासे मारीतच राहते.

हे मात्र करू नका : पावसाळ्यात मासा अंडी घालतो. मरळीची लालसर पिले थव्याने वर तरंगतात आणि आईबाप खाली राखण करतात. त्या वेळी जवळ येईल त्याच्यावर ते तुटून पडतात, म्हणून गळाला चटकन लागतात. पण एक जोडी काढली की तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. पुढच्या उन्हाळ्यात डोह रिकामा दिसला तर कारण हेच समजा. मच्छरदाणीने पिले गाळणेही तसेच. सुरुंग लावणे किंवा पाण्यात विष कालवणे हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे.

जिथे मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असेल, तिथे आधी संस्थेला विचारा.

शेवटी जिवाची गोष्ट. पावसाळ्यात वर नांदेडला विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पूर आपल्याकडेच येतो. १ मार्चच्या सुमारास बंधाऱ्याच्या खालच्या अंगालाही पाणी अचानक चढते. तेव्हा पात्रातल्या खडकावर, बेटावर बसू नका. दवंडी किंवा भोंगा ऐकताच गळ तिथेच टाकून काठ गाठा. गळ दुसरा मिळेल.