जुन्या एफएम ट्यूनरचा बाजार

रेडिओच्या संचात तीन कामे एकत्र बांधलेली असतात: हवेतल्या असंख्य लहरींतून हवी तेवढी निवडून तिच्यातील ध्वनी मोकळा करणे, तो क्षीण विद्युत्संकेत वाढवणे, आणि वाढवलेल्या संकेतावर कर्णा वाजवणे. यांपैकी केवळ पहिले काम करणाऱ्या, म्हणजे स्वतःहून कोणताही आवाज न काढणाऱ्या पेटीला ट्यूनर म्हणतात. तिला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बाहेरून जोडावे लागतात. साधारण 1960 ते 1985 या पंचवीस वर्षांत अमेरिका, जपान आणि युरोपातील काही कंपन्यांनी असे एफएम ट्यूनर इतक्या ईर्षेने आणि इतका खर्च करून बनवले, की त्यांतील निवडक नग आज संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात. जुनी तबकडी वाजवायला जुना ग्रामोफोन पुरतो, कारण तबकडी मालकाच्या कपाटात असते. ट्यूनरचे मात्र तसे नाही. दुसऱ्या कोणीतरी प्रक्षेपण चालू ठेवले आणि तेही चांगले ठेवले, तरच त्याच्या गुणांना अर्थ उरतो, आणि या परावलंबनामुळेच त्याच्या बाजाराचे गणित इतर जुन्या वस्तूंपेक्षा वेगळे झाले आहे.

एफएम म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. जुन्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात ध्वनीच्या चढउताराप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमीजास्त केली जाते, आणि वीज कडाडली किंवा शेजारची मोटर चालू झाली की तीही लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करते, म्हणून खरखर ऐकू येते. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने उंची स्थिर ठेवून लहरीची वारंवारता, म्हणजे एका सेकंदातील तिच्या आंदोलनांची संख्या, बदलण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिचे एकस्व अधिकार त्याला डिसेंबर 1933 मध्ये मिळाले. नोव्हेंबर 1935 मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ अभियंत्यांच्या सभेत त्याने जे प्रात्यक्षिक केले, त्यात यॉंकर्स येथून प्रक्षेपित झालेला पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज श्रोत्यांना स्पष्ट ओळखू आला. पुढे 1945 मध्ये अमेरिकी सरकारने एफएमचा पट्टा खालच्या जागेवरून उचलून 88 मेगाहर्ट्झच्या वर नेला, त्यामुळे आधी विकले गेलेले सर्व एफएम संच निकामी झाले. मोठ्या कंपनीशी चाललेल्या एकस्वाच्या दाव्यांनी आर्मस्ट्राँग खचला आणि 1954 च्या जानेवारीत त्याने आत्महत्या केली. त्याच्या शोधाला चांगले दिवस आले ते त्याच्या मृत्यूनंतर, विशेषतः 1961 मध्ये अमेरिकेत स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाल्यावर.

स्टिरिओने श्रोत्याचा आनंद वाढवला, तशीच अभियंत्याची डोकेदुखीही वाढवली. डाव्या आणि उजव्या बाजूंची बेरीज नेहमीच्या जागी आणि वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर पाठवायची, आणि ती उलगडण्यासाठी 19 किलोहर्ट्झचा एक खुणेचा स्वर सोबत द्यायचा, अशी ही योजना आहे. तिच्यात संकेत थोडा जरी अशक्त किंवा विकृत झाला, तरी सुरसुर आणि खरबरीतपणा लगेच जाणवतो. शिवाय उंच इमारती आणि डोंगर यांवर आपटून तीच लहर किंचित उशिरा, दुसऱ्या वाटेने पोहोचते आणि मूळ लहरीत मिसळते. या बहुमार्गी दोषावर उपाय म्हणजे अँटेना योग्य दिशेला वळवणे, पण ती योग्य झाली हे समजावे कसे?

मॅरँट्झ कंपनीच्या 10बी या ट्यूनरने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्यावरच त्याची कीर्ती आजही उभी आहे. रिचर्ड सेक्वेरा आणि सिडनी स्मिथ यांनी विकसित केलेल्या या व्हॉल्व्हच्या यंत्राच्या दर्शनी पट्टीवर एक छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत्संकेताचा आकार रेषेच्या रूपात दाखवणारा पडदा, बसवला होता. स्टेशन नेमके लागले की ती तेजस्वी रेषा मध्यभागी येते आणि बहुमार्गी दोष असेल तर तिच्यावर लाटा उमटतात, म्हणून अँटेना फिरवत फिरवत त्या लाटा विरेपर्यंत दिशा शोधता येते. हे सारे साधण्यासाठी झालेला विकासखर्च इतका वाढला, की सॉल मॅरँट्झ यांची छोटी कंपनी अडचणीत आली आणि 1964 मध्ये ती सुपरस्कोप या कंपनीकडे गेली. सहाशे डॉलरांहून अधिक किमतीचा हा ट्यूनर त्या काळी चैनीची वस्तू होता. सेक्वेरा यांनी पुढे स्वतःच्या नावाने काढलेल्या ट्यूनरमध्ये तर संपूर्ण पट्ट्यातील स्टेशने एकाच वेळी उंचवट्यांसारखी दिसत असत. आजच्या बाजारात या दोन्ही यंत्रांना मिळणाऱ्या भावात त्या उजळ पडद्याचा वाटा मोठा आहे, हे उघड आहे; पडदा मंदावलेला असेल तर तेच यंत्र बरेच स्वस्तात जाते, मग आवाज कितीही निर्मळ असो.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर अडचण आणखी वेगळी होती. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन ही मोठी शहरे एकमेकांपासून फार दूर नसल्याने पट्टा स्टेशनांनी गच्च भरला होता, आणि दूरचे अभिजात संगीताचे स्टेशन ऐकायचे तर शेजारच्या दांडग्या स्टेशनाला बाहेर ठेवणे भाग होते. ट्यूनरच्या या गुणाला निवडक्षमता म्हणतात, आणि ती मुख्यतः त्यातील गाळण्यांवर, म्हणजे आलेल्या लहरीचे 10.7 मेगाहर्ट्झच्या ठरावीक वारंवारतेत रूपांतर झाल्यावर तिच्या दोन्ही बाजूंचे नको ते छाटणाऱ्या फिल्टरांवर, अवलंबून असते. गाळणी अरुंद केली की शेजारी दूर राहतो, पण ध्वनीची विकृती वाढते; रुंद ठेवली की ध्वनी खुलतो, पण शेजारी आत शिरतो. मॅकिंटॉश कंपनीसाठी रिचर्ड मोडाफेरी यांनी रचलेल्या आणि 1972 मध्ये बाजारात आलेल्या एमआर 78 या ट्यूनरमध्ये साधी, अरुंद आणि अतिअरुंद अशा तीन पायऱ्या दिल्या होत्या, आणि अतिअरुंद पायरीवरही ऐकण्याजोगा ध्वनी मिळावा हेच त्या रचनेचे कौशल्य होते. मोडाफेरी यांनी नंतर स्वतः सुधारून दिलेल्या नगांना संग्राहक वेगळे मोल देतात, ते यामुळेच.

जपानची कथा मात्र नेमकी उलट आहे, आणि या विषयातील सर्वांत रंजक भाग बहुधा तोच आहे. तेथे एनएचके या सार्वजनिक संस्थेची नियमित एफएम सेवा 1969 मध्ये सुरू झाली, 1970 च्या सुमारास काही मोठ्या शहरांत प्रत्येकी एकेक खाजगी स्टेशन आले, आणि पुढची दहाएक वर्षे बहुतेक श्रोत्यांना एवढ्यावरच भागवावे लागले. दोन-चार स्टेशनांच्या रिकाम्या पट्ट्यात निवडक्षमता मिरवण्यात अर्थ नव्हता. पण तबकड्या महाग असल्याने प्रक्षेपित संगीत टेपवर उतरवून घेण्याची सवय घरोघर रुजली आणि एअर चेक या नावाने ती एक संस्कृतीच झाली. कोणती रचना कधी आणि किती मिनिटे वाजणार हे छापणारी पाक्षिके निघाली, म्हणजे टेप किती लांबीची लावायची ते आधीच ठरवता यावे. कायमचे जतन करायचे तर मूळ संकेतच शुद्ध हवा, म्हणून केनवूड, सॅनसुई, यामाहा, पायोनियर, ॲक्युफेज यांनी विकृतीचा आकडा खाली आणण्याची जी शर्यत लावली, ती शेवटी कानाला फरक न कळण्याच्या पलीकडे गेली. केनवूडचा केटी-917 लहरीच्या प्रत्येक आंदोलनामागे एकसारखा स्पंद निर्माण करून जणू मोजून ध्वनी काढतो, आणि त्याच घराण्यातील एल-02टी हा 1980 च्या दशकाच्या आरंभी तीन लाख येन किमतीला विकला जात होता. यांपैकी सॅनसुई हे नाव महाराष्ट्रातील वाचकाला ठाऊक असेल ते व्हिडिओकॉनने विकलेल्या दूरचित्रवाणी संचांमुळे. सत्तरच्या दशकातील टीयू-9900 सारखे ट्यूनर बनवणारी मूळ जपानी कंपनी आता अस्तित्वात नाही.

हा डोलारा कोसळायला फार वेळ लागला नाही. सीडी 1982 मध्ये आली, ट्यूनरचे बरेचसे काम एकाच चिपमध्ये मावू लागले, आणि फिरत्या पाकळ्यांच्या जड कपॅसिटरऐवजी बटणे दाबून स्टेशन लावणारी स्वस्त मांडणी रूढ झाली. नव्वदच्या दशकात उत्तम ट्यूनर अडगळीत टाकले गेले. इंटरनेटवरील लिलाव सुरू झाल्यावर ते पुन्हा बाहेर आले, आणि तेव्हापासून भाव चढत गेले.

मात्र या बाजारात जाहिरातीतला फोटो फारसे काही सांगत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, पट्टीमागचे दिवे जातात, आणि सिरॅमिक गाळण्यांचे मध्यबिंदू किंचित सरकतात. ते पूर्वपदावर आणण्याला अलाइनमेंट म्हणतात. जाणकार तंत्रज्ञ संकेतजनकातून ठरावीक वारंवारता आत सोडतो, पत्र्याच्या छोट्या डबीतील वेटोळ्याच्या मधोमध बसवलेला फेराइटचा ठिसूळ गाभा प्लॅस्टिकच्या पेचकसाने अर्धा-पाव आटा फिरवतो, कारण धातूचा पेचकस जवळ नेल्यानेच मोजमाप बिघडते. मग मापकावर विकृती किमान झाली का ते पाहून पुढच्या डबीकडे वळतो. गाभा अडकलेला असताना जोर लावला तर तो तडकतो आणि तसा दुसरा मिळत नाही. हे काम नीट जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून ‘नुकतेच अलाइनमेंट झालेले’ हे शब्द विक्रेत्याने मोजमापांच्या नोंदीसह लिहिले असतील, तर त्यांना खरी किंमत आहे. नुसते लिहिले असतील तर मुळीच नाही. ॲक्युफेज आणि मॅकिंटॉश या कंपन्या अजून उभ्या असल्याने त्यांच्या नगांचे भाव टिकून राहतात.

केवळ ग्रहणाच्या कसोटीवर पाहिले, तर हे भाव समजत नाहीत. सोनीने 2008 मध्ये एक्सडीआर-एफ1एचडी नावाची, सुमारे शंभर डॉलरांची एक लहानशी काळी पेटी काढली. तिच्यातील संगणकी गाळण्या इतक्या धारदार होत्या, की दूरची स्टेशने पकडण्यात तिने अनेक दिग्गजांना मागे टाकले, आणि तरीही दिग्गजांचा बाजार काही बसला नाही. दुसरीकडे प्रक्षेपणाचा दर्जाच घसरला आहे: 1975 मध्ये आलेल्या ऑप्टिमॉड या यंत्रानंतर स्टेशने आपला आवाज सतत कमाल पातळीवर दाबून धरू लागली, आणि अमेरिकेत ॲनालॉग संकेताच्या दोन्ही अंगांना डिजिटल संकेत चिकटवले गेल्याने रुंद गाळणीच्या ट्यूनरला उलट अधिक सुरसुर ऐकू येते. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय एफएम सेवा बंद केल्या आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने 2024 च्या अखेरीस तेच केले. तेव्हा संग्राहक पैसे मोजतो ते ऐकण्यासाठी असे म्हणणे अर्धेच खरे आहे. एक कठीण प्रश्न खर्चाकडे न पाहता शेवटपर्यंत सोडवल्याचा तो पुरावा आहे आणि तो घरात असावा, ही ओढ अधिक बलवान दिसते.

भारतात असा बाजार उभा राहिला नाही, याचे कारण सरळ आहे. आकाशवाणीचे एफएम प्रक्षेपण 1977 मध्ये मद्रासला सुरू झाले खरे, पण एफएम घराघरांत पोहोचले ते नव्वदच्या दशकात, म्हणजे मोठ्या ट्यूनरचे युग संपल्यावर. आता एखाद्या हौशी मुंबईकराने जपानी लिलावातून स्वस्तात मिळाला म्हणून ट्यूनर मागवला, तर तो 100 व्होल्टवर चालतो ही अडचण ट्रान्सफॉर्मरने सुटते, परंतु जपानचा जुना एफएम पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्झचा आहे आणि मुंबईतील व्यावसायिक स्टेशने 91.1 पासून पुढे सुरू होतात, त्यामुळे पूर्ण रूपांतर करून घेतल्याखेरीज त्यावर ती लागणारच नाहीत. अमेरिकी ट्यूनरचा पट्टा जुळतो, पण प्रक्षेपणात मुद्दाम चढवलेले उंच स्वर उतरवून घेण्याचे माप तेथे 75 मायक्रोसेकंद आहे आणि येथे 50, म्हणून आवाज किंचित मंद लागतो आणि एखाद-दोन भाग बदलून तो दुरुस्त करावा लागतो. युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या नगात मात्र वीज, पट्टा आणि हे माप ही तिन्ही इथल्याशी जुळतात, आणि केनवूड, सॅनसुई, यामाहा यांच्या अनेक ट्यूनरच्या तशा आवृत्त्या निघाल्या होत्या.